वर्तुळात आलेली खाट

१

कंपासच्या घरात कुठलीही वस्तू आधी खडूच्या रूपाने येत असे आणि मग खरोखरीची. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून त्याची उभी हयात गेली होती. टाक्या, नळ आणि चेंबर यांचे नकाशे काढता काढता त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. कचेरीत सगळे त्याला कंपास म्हणत, आणि बायको एरवी 'अहो' म्हणत असली तरी चिडली की तीही कंपासच म्हणे. कपाट घ्यायचं ठरलं की आधी त्याच्या मापाचा चौकोन जमिनीवर उमटायचा, आणि घरच्यांनी आठवडाभर त्याला वळसा घालून चालायचं. थोरल्या मुलीने एकदा चौकोनातून सरळ पाय टाकला, तर हा जागेवरून ओरडला, "अगं, कपाटातून काय जातेस?"

असल्या माणसाच्या घरात सहलीचा विषय निघाला तो थोरलीच्या फोनवरच्या एका फोटोमुळे. डोंगरात, दाट झाडीत एक गोल, पांढरट, बुटका तंबू.

"याला यर्ट म्हणतात," थोरली म्हणाली. "जाड लोकरीच्या कापडाचा असतो. खाली लाकडी फळ्या, मध्ये शेगडी, वर गोल झरोका. झोपल्या झोपल्या आभाळ दिसतं."

"नाव ढेकर दिल्यासारखं आहे," बायको म्हणाली. पण फोन परत द्यायला तिने बराच वेळ लावला.

ते कंपासने पाहिलं. ती औषधांच्या दुकानात काम करी आणि उरलेला दिवस घरात. गेल्या सहा वर्षांत ती एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिली नव्हती.

"आणि आत्याचं काय?" धाकटीने विचारलं.

"बघू," कंपास म्हणाला.

'बघू' हा त्या घरातला सगळ्यात खोल खण होता. त्यात टाकलेली वस्तू सहसा कोणी बाहेर काढत नसे.

२

आत्या म्हणजे कंपासची मोठी बहीण, अक्का. आई गेली तेव्हा कंपास इतका लहान होता की त्याला आईचा चेहरा अक्काचाच वाटे. अक्काने टेलिफोनच्या कचेरीत कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि त्या पगारात भावाला शिकवलं. स्वतःच्या लग्नाचा विषय कोणी काढला की म्हणायची, "एक पोरगं आहे की पदरात, ते उजवू दे आधी." ते पोरगं आता निवृत्तीला आलं होतं, तरी तिच्या लेखी त्याचं नाव बाळच होतं.

सहा वर्षांपूर्वी झटका आला आणि तिचे दोन्ही पाय गेले. डोकं आणि जीभ मात्र शाबूत. हॉलला लागून असलेल्या खोलीत तिची खाट होती. कंपास रोज सकाळी तिला उचलून खुर्चीत बसवी आणि संध्याकाळी परत खाटेवर ठेवी. मधल्या दिवसात जे काही करावं लागे ते बायको करी, आणि त्याची चर्चा त्या घरात होत नसे.

यर्टचं नक्की झालं तेव्हा कंपासने कॅम्पवाल्याला फोन करून त्याचा व्यास विचारला. कॅम्पवाल्याला आजवर लोकांनी गरम पाणी आहे का, नेटवर्क आहे का, साप आहेत का, असं सगळं विचारलं होतं. व्यास कोणी विचारला नव्हता. तो जाऊन मोजून आला.

रविवारी सकाळी कंपासने हॉलमधलं सामान भिंतीला सरकवलं, मधोमध धाकटीला बसवून तिच्या हातात सुतळीचं टोक दिलं आणि दुसऱ्या टोकाला खडू बांधून तो रांगत निघाला. तीन बाजू ठीक झाल्या. चौथ्या बाजूला हॉल संपला. वर्तुळ अक्काच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन अडलं.

दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. पण अपुरं वर्तुळ कंपासला सहन होत नसे, आपलाच हात मोडून पडल्यासारखं वाटे. त्याने दार ढकललं आणि सुतळी ताणत तो आत गेला. खडूची रेघ अक्काच्या खाटेच्या उशाकडून, भिंतीला घासत, वळून परत बाहेर आली. वर्तुळ पुरं झालं. अक्काची खाट सगळीच्या सगळी त्याच्या आत आली होती.

"काय रे बाळ, कसली रेघ?" अक्काने उशीवरून मान वळवून विचारलं.

"फरशी बदलायची आहे अक्का. माप घेतोय."

"गोल फरशी?"

"ओल आहे खाली. तेवढ्याच भागाची बदलायची."

"ओलसुद्धा कंपास लावून आली म्हणायची," अक्का हसली. तिच्या हसण्यात नेहमी थोडी शिटी वाजे. मग ती म्हणाली, "आणि दार कुठल्या बाजूला ठेवलंस?"

कंपास सुतळी गुंडाळता गुंडाळता थांबला. "कसलं दार?"

"काही नाही रे. मी आपलं काहीतरी बोलते."

भिंती पातळ आहेत, त्याने स्वतःला सांगितलं. पोरींचा आवाज चढा आहे. तिने बाहेरचं सगळं ऐकलं असणार. हे पटण्यासारखं होतं, म्हणून त्याने ते पटवून घेतलं. फक्त एवढंच, की ऐकलं असेल तर तिला सगळंच ठाऊक होतं, आणि तरी तिने फरशीचं ऐकून घेतलं होतं.

३

त्याच दुपारी रंगीत तालीम झाली. चार गाद्या वर्तुळात मांडल्या. डोकी बाहेरच्या बाजूला, पाय मध्यावर. शेगडीच्या जागी बादली पालथी घातली. दारासाठी एका ठिकाणी रेघ पुसून वाट सोडली होती, आणि आत यायचं तर तिथूनच, वाकून यायचं, कारण यर्टचं दार बुटकं असतं, असा कंपासचा हुकूम होता. बायको वाकली नाही. "माझं डोकं आपटलं असं समजा," ती म्हणाली आणि रेघ ओलांडून आली. मग ती गादीवर उताणी पडली आणि छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

"झरोका तो," थोरली म्हणाली.

"धूळ बसलीये झरोक्यावर," बायको म्हणाली, आणि कधी नव्हे ते चौघंही एकदम हसले.

हसणं थांबलं तेव्हा धाकटीने कोपरावर उठून अक्काच्या दाराकडे पाहिलं. दार किलकिलं होतं. "बाबा, आत्याची खाटपण वर्तुळात आलीये. म्हणजे आपण पाच झालो."

"ती धरायची नाही," कंपास म्हणाला.

नकाशातला खांब मधे आला तर त्याबद्दल बोलतात, तितक्या सहज तो बोलला होता. दाराआड अक्काला दुपारचा खोकला लागला होता, जेवणानंतर लागे तो. तो मध्येच थांबला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. खुर्चीचासुद्धा नाही.

बायकोने डोळे मिटून घेतले. तिच्यापुरता झरोका बंद झाला.

४

अक्काची सोय एका संस्थेत करायची असं ठरलं होतं. म्हणजे बायकोने पत्ता आणला आणि कंपासने 'नको' म्हटलं नाही, यालाच त्या घरात ठरणं म्हणत. जागा चांगली होती. स्वच्छ, हवेशीर, सिस्टर मायाळू. फक्त तिथे चार दिवसांसाठी कोणालाही घेत नसत. घेतलं की कायमचं घेतलं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आधी चार दिवस म्हणू," बायको म्हणाली होती. "मग बघू."

निघायच्या आदल्या आठवड्यात कंपासने नक्की करण्यासाठी कॅम्पवाल्याला फोन केला. "चार माणसं आणि चार खाटा. बरोबर ना?"

"पाचवी टाकली की साहेब," कॅम्पवाला म्हणाला. तो तोंडात काहीतरी धरून बोलत असल्यासारखा बोले. "तुमच्या त्या बाई सांगून गेल्या ना."

"कुठल्या बाई?"

"वयस्कर बाई हो, तुमच्या घरच्या. परवा येऊन सगळी जागा बघून गेल्या. म्हणाल्या, दारासमोर पोरींना झोपवू नका, थंडी येते, तिथे माझी टाका. शेगडीचं झाकण करकरतंय तेही दाखवलं. आपल्याला आवडतात अशी माणसं. नाहीतर लोक येतात, फोटो काढतात न् जातात."

"तुमचा घोटाळा होतोय. दुसऱ्या कोणाच्या असतील."

"असेल बुवा."

"कशाने आल्या? म्हणजे, गाडीने?"

"चालत. चढ चांगला उभा आहे आमचा, पोरंसोरं धापा टाकतात. या बाई मात्र दमल्या नाहीत. उलट म्हणाल्या, किती दिवसांनी पाय मोकळे झाले."

कंपासने फोन या कानाचा त्या कानाला घेतला. आपण खुळ्यासारखे ऐकत बसलोय हे त्याला कळत होतं. शनिवारी-रविवारी शंभर माणसं येत असतील तिथे, त्यात म्हाताऱ्या बायका काय कमी असतील. त्याने हिशेबी आवाजात विचारलं, "नाव काय सांगितलं?"

"नाव नाही सांगितलं. बाळच्या घरची म्हणाल्या." कॅम्पवाला खुशीत हसला. "बाळ म्हणजे तुम्हीच ना साहेब?"

५

त्या संध्याकाळी कंपास अक्काला खुर्चीतून उचलायला गेला. हे काम त्याने इतक्या वेळा केलं होतं की अंगाला सगळं पाठ होतं. पाय जरा फाकवायचे, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, श्वास आत, आणि कमरेत येणारी ती ओळखीची कळ. भरलेली घागर समजून जोर लावावा आणि ती रिकामी निघावी, तसं झालं. तो तिला घेऊन मागेच गेला. कळ आलीच नाही.

"पडशील," अक्का म्हणाली.

"अक्का, जेवत नाहीस का तू नीट?"

"विचार तुझ्या बायकोला."

बायको दारातच होती. "दुपारी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलंय त्यांनी," ती म्हणाली.

त्याने अक्काला खाटेवर ठेवलं. खाट करकरली नाही. सहा वर्षं ती रोज या वेळेला करकरत आली होती आणि 'तेल घालू' असं तो सहा वर्षं म्हणत आला होता. त्याने पांघरूण वर ओढलं. अक्काने डोळे मिटून घेतले होते, कचेरीतून पाळी संपवून यायची तेव्हा मिटायची तसे.

"थकलेय रे आज," ती म्हणाली. "पाय भरून आलेत."

कंपासने तिच्या पायांकडे पाहिलं. त्या पायांना टाचणी टोचून डॉक्टरांनी पाहिलं होतं, गरम पाणी लावून पाहिलं होतं. त्यांना काही कळत नसे.

"दाबून देऊ?" त्याने विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून.

"नको. उद्या परत आहेच."

६

वर्तुळ पुसायचं त्याने दुसऱ्या दिवशी मनावर घेतलं. हॉलमधली रेघ बायकोने केव्हाच पुसून टाकली होती, कारण खडूवर चालून पोरी सगळ्या घरभर पांढरी पावलं उमटवत होत्या. राहिली होती ती अक्काच्या उशाकडची, खाटेमागची. अक्का खुर्चीत असताना त्याने खाट ओढली आणि ओल्या फडक्याने रेघ घासून घासून काढली. अक्का शांतपणे बघत होती. फरशीचं काय झालं, असंही तिने विचारलं नाही.

मग त्याने कॅम्पवाल्याला फोन लावला. नेमकं काय विचारायचं ते ठरलेलं नव्हतं.

"त्या बाई आहेत की आत्ता इथे," कॅम्पवाला म्हणाला. "कांबळी उन्हात टाकतायत. देऊ का फोन?"

"नको," कंपास म्हणाला, आणि त्याने फोन इतक्या घाईने ठेवला की आपल्यालाच आपली लाज वाटली. मागे वळला तर अक्का खुर्चीत होती. डोळे उघडे होते, समोर होते, पण त्याच्यावर नव्हते. तिचे हात मांडीवरून किंचित उचललेले होते आणि बोटं अशी धरलेली, जशी एखाद्या जाड कापडाची टोकं धरावीत.

त्याने हाक मारली. ती दुसऱ्या हाकेला परत आली. "हं?" म्हणाली, आणि हात खाली ठेवले.

दुपारी बायको दुकानातून आल्या आल्या त्याने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "मी म्हणतो, अक्कालाही नेऊ या का?"

बायको हात धूत होती. तिने नळ बंद केला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. त्यालाही चिडता आलं असतं.

"न्या की," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही. मी घरी राहते, तुम्ही चौघं जा."

"तसं नाही गं..."

"तुम्ही त्यांना सकाळी उचलता न् संध्याकाळी ठेवता. मधला दिवस असतो हो एक. त्यात त्यांना लाज वाटते, मला वाटते, आणि आम्ही दोघी एकमेकींना 'काही नाही, काही नाही' म्हणतो. सहा वर्षं. मला त्यांचा राग नाही. माझी पाठ मोडलीये फक्त."

"चार दिवसांचाच तर प्रश्न आहे," तो म्हणाला.

"चारच दिवसांचा आहे?"

आता बोलायची पाळी त्याची होती. 'हो, चारच, मग मी तिला परत आणीन,' असं म्हणता आलं असतं. किंवा 'नाही, तिला तिथे ठेवायचंच नाही,' असंही. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. पाणीपुरवठ्याच्या माणसाच्या घरातला तो नळ वर्षानुवर्षं ठिबकत होता. कंपासने पुढे होऊन तो आवळला आणि तो बाहेर निघून गेला. बायकोला ते उत्तर कळलं.

७

अक्काला सांगायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी, पोरी सामान खाली नेत असताना, त्याने ते उरकलं.

"अक्का, डॉक्टर म्हणतायत की थोडे दिवस एके ठिकाणी ठेवू या तुला. तपासण्या आहेत."

"बरं."

"चांगली जागा आहे. खिडकी आहे."

"बरं."

"कुठे ते विचारत नाहीस?"

"तू नेतोयस ना? मग मी कशाला विचारू?" ती म्हणाली. टोमणा असता तर त्याने तो झेलला असता. टोमणा नव्हता.

त्याने तिला उचललं आणि जिना उतरला. शेजारचा निवृत्त मास्तर वर येत होता, तो अंग चोरून भिंतीला टेकला आणि म्हणाला, "कमाल आहे हो तुमची या वयात." त्याला कठड्याचा आधारही लागला नव्हता. हातात घडी केलेली गोधडी असावी, तसा तो उतरत होता.

संस्थेत सिस्टरने मदतीला आणखी एक बाई बोलावली होती. दोघी पदर खोचून पुढे आल्या, पण त्याने एकट्यानेच अक्काला लोखंडी खाटेवर ठेवलं. सिस्टरने तिला कुशीवर वळवायला खांद्याखाली हात घातला आणि ती थबकली. तिने एकदा कंपासकडे पाहिलं. आजवर पुष्कळ माणसं उचललेली बाई होती ती.

"किती दिवस झाले यांना असं होऊन?" तिने विचारलं.

"कसं?"

चादर सारखी करत सिस्टर म्हणाली, "या तुम्ही. आम्ही बघतो."

तो वाकून अक्काच्या कानाशी म्हणाला, "येतो मी." कधी, ते म्हणाला नाही. अक्काचे डोळे खिडकीकडे होते. खिडकीबाहेर एक भिंत होती आणि भिंतीवर ऊन.

"हं. मी होते पुढे," ती म्हणाली.

८

वाटेत बायको गात होती. लग्नाआधी ती गात असे हे पोरींना ठाऊकच नव्हतं. थोरली तोंडावर हात ठेवून धाकटीकडे बघत होती. झाडी दाट होत गेली, रस्ता वर वर वळत गेला, गाडीची काच गार झाली. बायकोने काच खाली करून हात बाहेर काढला आणि वारा मुठीत धरून बघितला. कंपासने ते पाहिलं आणि त्याला वाटलं की या एका गोष्टीसाठी आपल्याला माफ असायला हरकत नाही. कोणाकडून माफ, याचा विचार त्याने केला नाही.

कॅम्पवर पोहोचले तेव्हा दुपार होती, पण धुक्यामुळे उजेड दुधात पाणी घातल्यासारखा दिसत होता. गाडी खाली उभी करायची आणि शंभरेक पावलं वर चढायचं, अशी रचना होती. पोरी हातपाय ताणत होत्या. बायको डिकी उघडून पिशव्या काढू लागली. कॅम्पवाला पुढे आला, बुटका, कानटोपी घातलेला.

"या, या. शेगडी पेटवून झालीये. बाई सकाळी जरा उशिरा आल्या आज, पण आल्यापासून उभ्याच आहेत."

"तुम्ही इथेच थांबा," कंपास घरच्यांना म्हणाला. "मी पुढे बघून येतो."

तो एकटाच वर गेला. झाडांखाली पडलेल्या पानांनी पाऊल बुडत होतं आणि त्याचा स्वतःचाच आवाज त्याला येत नव्हता. यर्ट फोटोतल्यापेक्षा लहान होता. धुरांड्यातून धूर सरळ वर जात होता. दाराला लाकडी चौकट होती आणि तिच्यावर जाड कापडाचा पडदा, जमिनीपासून वीतभर उचललेला.

त्याचं डोकं अजून काम करत होतं. आत कॅम्पवाल्याची बायको असेल, ते म्हणालं. साफसफाई करणारी कोणी असेल. पडदा उचल, नमस्कार कर, हसून टाक.

आत कोणीतरी उशीवर थाप मारली. मग उशी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने मारली. लहानपणी दिवा मालवायच्या आधी तो हा आवाज ऐकत असे, आणि तो ऐकला की झोप येई. आत्ता, भर दुपारी, उभ्या उभ्या, त्याच्या पापण्या जड झाल्या. त्याला सगळ्यात भीती वाटली ती याची.

तो वाकला. आत जायला नव्हे. पडद्याखालच्या फटीतून त्याला लाकडी फळ्या दिसल्या, खाटेचा एक पाय दिसला, आणि मग या खाटेकडून त्या खाटेकडे जाणारी दोन पावलं. अनवाणी. टाचांना भेगा. पाऊल पडे तिथे फळी दबत होती आणि उचललं की करकरून वर येत होती. भरल्या अंगाचं, धडधाकट माणूस चालावं तशी. जे वजन सकाळी त्याच्या हातांत नव्हतं, ते सगळं इथे होतं.

पावलं थांबली. बोटं दाराकडे वळली.

"बाळ, आलास का? पोरींना स्वेटर घालायला सांग आधी. आणि आत ये, मी आहे ना."

तिच्या आवाजात राग असता, रडणं असतं, तर तो आत गेला असता आणि पाय धरले असते. आवाजात काहीच नव्हतं, फक्त घाई होती, घर लावणाऱ्या माणसाची.

कंपास धावत खाली आला. अक्काला सकाळी एकदा सोडलं होतं, आता दुपारी पुन्हा.

"बसा गाडीत," तो म्हणाला. "बसा. परत जायचंय."

"वेड लागलंय का तुम्हाला?" बायकोच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. "काय आहे तिथे?"

"अक्काला घरी न्यायचंय. ती तिथे नको. आत्ताच्या आत्ता जायचंय."

बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वर धुक्याकडे. तिने पिशव्या डिकीत परत ठेवल्या. एकेक, नीट, रचून. सहा वर्षांतली तिची एक दुपार तिने डिकीत ठेवली आणि झाकण लावलं.

गाडी वळली तेव्हा धाकटीने मागच्या काचेतून वर पाहिलं आणि ओळखीच्या माणसाला हलवावा तसा हात हलवला. मग तो हात तिने मांडीखाली दाबून धरला आणि उतार संपेपर्यंत काढला नाही.

९

संस्थेच्या पायऱ्या तो दोन-दोन चढला. संध्याकाळ होत होती. "बरं झालं आलात," सिस्टर म्हणाली. "मी फोन करणारच होते. तसं झालं काहीच नाही. पण या तुम्ही."

अक्का सकाळी ठेवली तशीच होती. चेहरा तिचाच, केस तिचेच, कपाळावरचा लहानपणीचा व्रणही. चादर मात्र कुठेच चुरगळलेली नव्हती. खाली माणूस नसून तिचा कोणीतरी काढलेला आराखडा असावा, तशी ती चादरीवर होती.

"अक्का, चल. घरी जायचंय. माझं चुकलं. चल."

तिने मान वळवली. आपल्याला जागा देणाऱ्या अनोळखी माणसाकडे प्रवासात बघतात, तसं सभ्यपणे पाहिलं.

"तुम्ही कोणाकडे आलात?" तिने विचारलं.

त्याने तिच्याखाली हात घातले. उचलायला काही नव्हतं, नुसता कपड्यांचा भार. तो तिला छातीशी धरून खोलीच्या मध्ये उभा राहिला. खिडकीतून खाली त्याला गाडी दिसत होती. बायको मागचं दार उघडून उभी होती. तिने सीटवर उशी ठेवली होती आणि ती वर बघत होती.

खिशात फोन वाजू लागला. वाजत राहिला. शेवटी सिस्टरनेच तो काढून त्याच्या कानाला लावला, कारण त्याचे हात मोकळे नव्हते.

"साहेब, हे काय बरं दिसतं का?" कॅम्पवाला खरोखर दुखावला होता. "न सांगता निघून गेलात. त्या दारात उभ्या आहेत तेव्हापासून. इथे अंधार पडायला लागलाय. आत बसा म्हटलं तर बसत नाहीत. म्हणतात, तो रस्ता चुकला असेल. काय सांगू त्यांना?"

कंपासने हातातल्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा नम्रपणे, कुणीतरी आपल्याला न्यायला यायची वाट बघत होता.

"सांगा," तो म्हणाला, "येतोय म्हणावं."

आपण जाणार नाही हे बोलता बोलताच त्याला कळलं होतं. आवाज मात्र साफ होता, त्याच्या नेहमीच्या आवाजासारखा.

"येतायत म्हणे हो!" कॅम्पवाला तिकडे कोणाला तरी ओरडून म्हणाला.

आणि लांबून, झाडीतून, ओलसर हवेतून उत्तर आलं. कानाला यंत्र लावून हजार माणसांची बोलणी जोडून दिलेला तो स्पष्ट, शांत आवाज.

"सावकाश ये म्हणावं. वळणं फार आहेत."